सांभाळणाऱ्यांची उसंत

मुले सांभाळणाऱ्या माणसाला दोन तऱ्हेचा शीण येतो. एक अंगाचा. मूल कडेवर घेऊन फिरणे, वर्गात तासन्‌तास उभे राहणे, रात्री तीनतीनदा उठणे यातून येणारा हा शीण चांगली झोप मिळाली की बहुतांशी उतरतो. दुसरा झोपेने उतरत नाही. सकाळी डोळा उघडतानाच 'आज पुन्हा तेच' असे वाटते. मुलाने साधा प्रश्न विचारला तरी अंगावर आल्यासारखे होते. ज्याच्या बोबड्या बोलांचे कौतुक सांगताना तोंड थकत नसे, त्याचीच बडबड नकोशी होते. पहिल्या शिणावर काय करायचे ते घरोघरी ठाऊक आहे. दुसऱ्याची मात्र 'हल्ली फार चिडकी झाली आहे' किंवा 'सरांना आता शिकवण्यात रस उरला नाही' अशा शेऱ्यांनी बोळवण होते. शिक्षक, आई-वडील, आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका, पाळणाघर चालवणाऱ्या बाया या साऱ्यांच्या वाट्याला येणारा हा दुसरा शीण कशाने येतो, त्याचा मुलांवर काय परिणाम होतो आणि तो उतरतो कसा, हा या प्रकरणाचा विषय आहे.

राग गिळण्याची मजुरी

आतून चिडलेले असताना शांत बोलणे, स्वतःला धास्ती वाटत असताना धीर देणे, कंटाळा आलेला असताना पाचव्यांदा तीच गोष्ट रंगवून सांगणे, यात मुलांसोबतच्या मोठ्या माणसाचा बराचसा दिवस जातो. हेही कष्टच आहेत, अशी मांडणी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 'द मॅनेज्ड हार्ट' या १९८३ च्या पुस्तकात केली. त्यांनी अभ्यास केला होता हवाईसुंदरींच्या कामाचा. उद्धट प्रवाशासमोरही हसतमुख राहणे हा त्या नोकरीचाच भाग होता. हॉकशील्ड यांनी याला भावनिक श्रम म्हटले आणि ते करण्याच्या दोन रीती सांगितल्या. एकीत माणूस आतला राग तसाच ठेवून चेहरा तेवढा बदलतो. दुसरीत तो समोरच्या प्रसंगाकडे निराळ्या नजरेने पाहतो, त्यामुळे मुळातला रागच कमी होतो.

संध्याकाळचे सात वाजले आहेत. ताटात वाढलेली पोळी मोडली म्हणून तीन वर्षांच्या मुलीने जमिनीवर लोळण घेतली आहे. तिला अख्खी पोळीच हवी. कुकरची शिट्टी होते आहे, फोन वाजतो आहे. आई दातओठ खात 'हो गं राणी, दुसरी देते हं' म्हणते. आवाज गोड, जबडा आवळलेला. ही झाली पहिली रीत. तीच आई क्षणभर थांबून 'दुपारी ही झोपलीच नाही, भूकही लागली असणार, पोळीचे नुसते निमित्त आहे' असे मनाशी म्हणते आणि मग तेच वाक्य बोलते, ही दुसरी. पुढच्या अनेक अभ्यासांत पहिल्या रीतीचा थकव्याशी ठळक संबंध आढळला, दुसरीचा तितका नाही. अडचण एवढीच की दुसऱ्या रीतीला क्षणभराची उसंत लागते आणि दिवसाच्या त्या वेळी नेमकी तीच नसते.

असे दिवस वर्षानुवर्षे साचत गेले की जे होते त्याला आता मराठीतही बर्नआउटच म्हणतात. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर पहिला गाजलेला लेख लिहिला. पगारासाठी नव्हे, तर तळमळीने आलेले स्वयंसेवकच काही महिन्यांत विझत जातात, हे त्यांनी पाहिले होते. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हा प्रकार मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि त्याचे तीन पदर सांगितले. भावनिक दृष्ट्या रिकामे होणे हा पहिला. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी कोरडेपणा येणे हा दुसरा, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे हा तिसरा.

यातला दुसरा पदर शाळेत चटकन ओळखू येतो. पहिल्या वर्षी ज्या बाईंना प्रत्येक मुलाच्या घरची परिस्थिती तोंडपाठ होती, त्या 'मागच्या बाकावरची ती चौकडी' अशा भाषेत बोलू लागतात. मूल हे मूल न राहता पटावरचा आकडा होते. याला निष्ठुरपणा म्हणणे सोपे आहे. खरे पाहता, देण्यासारखे काही उरले नाही की मन अंतर राखून स्वतःला वाचवते, तोच हा प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून. या व्याख्येत शिक्षिका बसते, आई बसत नाही. बेल्जियममधील लुव्हाँ विद्यापीठाच्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलायचाक यांनी ही उणीव भरून काढली. पालकांच्या बर्नआउटमध्ये त्यांना काही वेगळ्या खुणा दिसल्या. पालकपणाच्या नुसत्या विचारानेही थकवा येतो, 'मी अशी आई नव्हते' ही टोचणी लागते, आई-बाप असण्याचाच वीट येतो, आणि मुलाचे खाणे-पिणे, शाळा, अभ्यास यंत्रासारखे पार पडते, माया मात्र आटते. नोकरीचा राजीनामा देता येतो, मुलाचा देता येत नाही. म्हणूनच या अवस्थेत सारे सोडून निघून जाण्याचे विचार, मुलांकडे दुर्लक्ष आणि हात उगारण्याचे प्रकार वाढलेले या संशोधकांना आढळले.

त्यांनी पुढे ४२ देशांतील १७ हजारांहून अधिक पालकांची पाहणी केली, ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांची संख्या, त्यांची वये, त्यांच्यासोबत घालवलेले तास, देशातील आर्थिक विषमता हे सारे हिशेबात घेऊनही एक गोष्ट ठळकपणे उरली. ज्या समाजांत व्यक्तीने स्वतःचे स्वतः पाहावे अशी रीत आहे, तिथे पालक जास्त करपलेले होते. बेल्जियम, पोलंड, अमेरिका ही त्यातली वरची नावे. सुबत्ता होती, सोयी होत्या, पण मूल क्षणभर दुसऱ्याच्या हाती द्यावे तर दुसरे कोणी नव्हते.

मानवशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी 'मदर्स अँड अदर्स' या २००९ च्या पुस्तकात याचे मूळ फार मागे नेले आहे. माणसाचे मूल इतकी वर्षे परावलंबी राहते की ते एकट्या आईच्या बळावर वाढणे मुळातच अवघड; आज्या, मावश्या, मोठी भावंडे, शेजारणी यांच्या आधारानेच माणसाची जात तगली, असे त्यांचे म्हणणे. यावरून लगेच एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जुन्या वाड्यात हात पुष्कळ होते, तसे हुकूमही पुष्कळ होते, आणि धाकट्या सुनेच्या वाट्याला बहुधा हुकूमच जास्त येत. मूल सांभाळायला घरात किती माणसे आहेत यापेक्षा त्यातली किती माणसे खरोखर पाळी घेतात, हे महत्त्वाचे.

पाळी कोण घेणार?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत उघडा पडतो तो अंगणवाडीत. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत आणि सहा वर्षांखालील लाखो मुलांचा शाळेआधीचा पहिला घराबाहेरचा आधार त्याच आहेत. एक खोली, एक सेविका, एक मदतनीस. सकाळी मुले गोळा करायची. कोणी रडत येते, कोणी शेंबडे नाक घेऊन येते, एखादे आईचा पदर सोडायला तयार नसते. गाणी घ्यायची, आहार वाटायचा, वजन-उंची घ्यायची. कमी वजनाच्या मुलाच्या घरी जाऊन, शेतावर निघालेल्या आईला थांबवून तिच्याशी गोडीने बोलायचे. गरोदर आणि स्तनदा मातांकडे पाहायचे, लसीकरणाच्या दिवशी बायकांना बोलावून आणायचे. हे सारे झाले की मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये ते भरायचे. हे अ‍ॅप २०२१ मध्ये आले. त्याच वर्षी राज्यातील हजारो सेविकांनी चालत नसलेले सरकारी मोबाइल कार्यालयांत नेऊन परत केले. नेटवर्क नाही म्हणून माहिती गेली नाही आणि माहिती गेली नाही म्हणून बोलणी खावी लागली, हा अनुभव घेऊन पुन्हा खोलीत यायचे ते हसऱ्या चेहऱ्यानेच, कारण समोर चार वर्षांची मुले बसलेली असतात.

या कामाला पगार नाही, मानधन आहे. ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका आणि मदतनिसांनी राज्यभर केलेला संप पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटी या त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी होत्या. सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच दिला होता. भावनिक शिणाच्या प्रकरणात मानधनाचा विषय कशाला, असे वाटू शकते. पण आपल्या कष्टांची किंमत आणि आपला त्यांच्यावरचा ताबा या दोन्ही गोष्टी हातात नसणे, हे बर्नआउटच्या ठळक कारणांपैकी आहे. ध्यानधारणेचे शिबिर भरवून ती जागा भरून निघत नाही.

शाळेतले चित्र याहून फार वेगळे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात दोन शिक्षकी शाळेत पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहित्या आणि 'आजच तातडीने सादर करा' असे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप यांतून उरलेल्या वेळात शिकवावे लागते, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे. दोनपैकी एक शिक्षक बैठकीला गेला की चार इयत्ता एकाकडे येतात. अशा दिवशी मुलांवर ओरडलेला शिक्षक घरी जाताना स्वतःवरच नाराज असतो आणि ती नाराजी दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर वर्गात येते.

बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत ही जबाबदारी आजीवर येते. दिवाळीच्या सुमारास जोडपे कारखान्याकडे निघते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. शाळा बुडू नये म्हणून मुले गावात आजीपाशी राहतात. शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना काढली ती याचसाठी. गुडघे दुखणाऱ्या, स्वतःची औषधे विसरणाऱ्या बाईने पाच-सहा महिने दोन-तीन नातवंडांची आई व्हायचे. आणि तिचा शीण कोणाच्या गणतीत नसतो, तिच्या स्वतःच्याही नाही.

अपंग किंवा दीर्घ आजारी मुलांच्या आई-वडिलांना तर हंगामही नसतो. एलिसा एपेल आणि नोबेल पारितोषिक विजेत्या एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी सहकाऱ्यांसह ५८ मातांच्या रक्तपेशी तपासल्या. त्यातल्या बऱ्याच जणी दीर्घ आजारी मुलांना सांभाळत होत्या. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे आवरण असते आणि वयानुसार ते आखूड होत जाते. ज्या मातांना सर्वांत जास्त ताण जाणवत होता त्यांचे टेलोमिअर, कमी ताण जाणवणाऱ्यांच्या तुलनेत, किमान दहा वर्षे जास्त वय झाल्यासारखे आखूड होते. अभ्यास २००४ चा, संख्येने लहान; पण मनाच्या शिणाची नोंद शरीर ठेवते, एवढे त्याने दाखवून दिले. अशा कुटुंबांना थोडा काळ तरी मोकळीक मिळावी म्हणून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' नावाची योजना आहे. मूल काही काळ प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली ठेवण्याची सोय तीत आहे. ही सोय घेणे म्हणजे मूल टाकणे, असे वाटून अनेक आया तिचा विचारही करत नाहीत, आणि नातेवाईक त्या वाटण्याला खतपाणी घालतात.

मुलाला काय कळते

'मुलांसमोर आम्ही काही दाखवत नाही' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. सारा वॉटर्स, वेंडी मेंडिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याची एक परीक्षा पाहिली. वर्षभराच्या बाळांच्या मातांना त्यांनी बाळापासून थोडा वेळ दूर नेले आणि नाके मुरडणाऱ्या परीक्षकांसमोर भाषण करायला लावले. नंतर बाळ पुन्हा मांडीवर दिले. भाषणाच्या वेळी बाळ खोलीत नव्हते, काय झाले हे त्याला सांगणारे कोणी नव्हते. तरीही काही मिनिटांत बाळाच्या हृदयाची लय आईच्या ताणानुसार बदलली. आईचा ताण जितका जास्त, तितका बदल जास्त. वॉटर्स यांच्याच २०२० च्या अभ्यासात शाळकरी मुलांच्या पालकांना ताण लपवायला सांगितले होते. लपवणारे पालक मुलाशी कमी जिव्हाळ्याने वागले आणि मुलेही त्यांच्याशी तशीच वागली. म्हणजे झाकणे हा उपाय नाही. वर्गातही हेच दिसते: कॅनडातील एका अभ्यासात, ज्या शिक्षकांना जास्त बर्नआउट होता त्यांच्या विद्यार्थ्यांच्या लाळेत सकाळी कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण जास्त आढळले.

हे वाचून अपराधी वाटणे साहजिक आहे, म्हणून दुसरी बाजू सांगणे गरजेचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. बाळाशी खेळणाऱ्या आईला त्यांनी अचानक चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळ हसून पाहते, बोट दाखवते, हात पुढे करते, किंचाळते, शेवटी मान फिरवते. प्रयोगाचा हा भाग सर्वांना माहीत असतो. त्यानंतर आई पुन्हा बोलू लागते आणि थोड्याच वेळात दोघे पूर्वपदावर येतात, हा भाग सांगायचा राहून जातो. ट्रॉनिक यांच्या पुढच्या कामातून दिसले की एरवीच्या सुरळीत खेळातही आई आणि बाळ यांचे सूर जेमतेम एक-तृतीयांश वेळ जुळलेले असतात. उरलेला वेळ चुकणे आणि सावरणे यातच जातो. या सावरण्यातूनच मूल शिकते की बिघडलेले पुन्हा जुळते.

ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट तर याहून पुढे गेले. आपल्या बाळाचा कधीकधी आईला तिटकारा का येतो, याची भली लांब यादी त्यांनी १९४९ च्या एका निबंधात दिली. तिटकारा येतो आणि तरीही ती बाळाला इजा करत नाही, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. परिपूर्ण आईची मुलाला गरज नसते, पुरेशी चांगली आई पुरते, हा त्यांचा पुढचा सिद्धान्त. मातृत्वाला देव्हाऱ्यात बसवण्याची सवय असलेल्या आपल्या समाजात विनिकॉट अजून म्हणावे तितके पोहोचलेले नाहीत. पोहोचायला हवेत. मुलावर ओरडल्यानंतर त्याच्याजवळ जाऊन 'मी दमले होते म्हणून ओरडले, तुझी चूक नव्हती' असे साध्या शब्दांत सांगणे, ही दुरुस्ती आहे. तिने मोठ्या माणसाचा मान कमी होत नाही.

शीण उतरतो कसा

जर्मन मानसशास्त्रज्ञ सबीने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये कामानंतर माणूस ताजातवाना कशाने होतो, याचा शोध घेतला. मनाने कामापासून दूर होणे, अंग सैल सोडणे, काहीतरी नवे जमणे आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणे, अशा चार गोष्टी त्यांना सापडल्या. यातली पहिली सर्वांत अवघड. शाळा सुटली तरी गटावर निरोप येत राहिले, किंवा बाळ झोपले तरी एक कान पाळण्याकडेच राहिला, तर शरीर रिकामे आणि मन कामावर अशी अवस्था होते. मोबाइल चाळण्यात गेलेला तास याच जातीचा. त्याने करमणूक होते, उसंत मिळत नाही. आणि ज्यांना विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, तेच ती घेण्यात सर्वांत मागे, असा विरोधाभास झोनेनटाग यांनी पुढे नोंदवला. पार दमलेल्या माणसात फिरायला जाण्याइतकेही त्राण नसते.

तेव्हा सुरुवात माणसाच्या इच्छाशक्तीपासून करून उपयोग नाही. आधी हात मोकळे झाले पाहिजेत. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दुसऱ्या कोणीतरी मूल ताब्यात घ्यायचे, आणि त्या वेळात सांभाळणाऱ्याने काय करायचे हे विचारायचे नाही. ठरलेली वेळ हे यातले मर्म. 'लागेल तेव्हा सांग, मी आहेच' हे आश्वासन फारसे कामाचे नसते, कारण सांगण्याचे ओझेही दमलेल्यावरच पडते. बापाने रविवारी सकाळी मुलांना घेऊन बाहेर पडणे, शेजारच्या दोन आयांनी संध्याकाळी आलटून पालटून मुले सांभाळणे, शाळेत एका शिक्षकाला रोज एक तास खरोखर रिकामा मिळावा असे वेळापत्रक आखणे, मुख्याध्यापकांनी संध्याकाळी सातनंतर गटावर निरोप न टाकणे. उपाय असे साधे आहेत. बाईच्या बाबतीत आपल्याकडे माहेरपणाची रीत होती ती याचीच. चार दिवस कोणी काही सांगत नाही, ताट आयते समोर येते, नातवंडांना आजोबा फिरवून आणतात. दोघेही नोकरी करतात त्या घरांत माहेरपण दिवाळीच्या दोन दिवसांवर आले आहे, आणि बापाला तर ते कधी नव्हतेच.

झोप हा यातला सर्वांत कमी लेखला जाणारा भाग. २००७ च्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखवली. मेंदूतल्या धोक्याची सूचना देणाऱ्या भागाची प्रतिक्रिया, झोपलेल्यांच्या तुलनेत, साठ टक्क्यांनी जास्त तीव्र होती. तान्ह्या बाळाच्या आई-वडिलांची संध्याकाळची भांडणे पुष्कळदा विचारांची नसतात, झोपेची असतात.

हात मोकळे झाले की मनाच्या युक्त्या उपयोगी पडतात. त्यातली पहिली फारच सोपी आहे: जे वाटते आहे त्याला नेमके नाव देणे. मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये दाखवले की भावनेला शब्द दिला की मेंदूतला तोच धोक्याचा भाग शांत होऊ लागतो. 'डोके फिरले आहे' यापेक्षा 'पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून राग आला' हे जास्त उपयोगाचे. दुसरी युक्ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची. ती महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे, कारण कि. मो. फडके यांनी तिला विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने मराठीत रुजवले आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ती सामान्य माणसापर्यंत नेली. घटनेने नव्हे, तर घटनेविषयीच्या आपल्या हट्टी समजुतीने भावना भडकते, असे ही पद्धत सांगते. 'माझ्या मुलाने सगळ्यांसमोर नीट वागलेच पाहिजे' या वाक्यातला 'च' काढून 'वागले तर बरे, नाही वागले तर जग बुडत नाही' असे म्हणता आले की राग नाराजीपर्यंत उतरतो. नाराज आई मुलाशी बोलू शकते. संतापलेली फक्त ओरडू शकते.

बोलून किंवा लिहून मन मोकळे करण्याचा मार्ग त्याहून जुना. जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे मनातल्या खोल दुखऱ्या अनुभवांविषयी लिहायला लावले. पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. खेड्यातल्या बाया हे पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर करत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत लेकराचे कौतुक आहे, तसा बाळंतपणाचा, सासुरवासाचा, एकटेपणाचा कढही आहे. पहाटे दोघी जात्याला बसल्या की एकीने सुरू करायचे, दुसरीने ओढायचे. दळणही होत असे आणि मनही हलके होत असे. गिरणी आली, कष्ट वाचले ते बरेच झाले; त्याबरोबर ही बैठकही गेली. तिची जागा आज पालकांचे स्वमदत गट काही प्रमाणात घेतात, विशेषतः स्वमग्न किंवा मतिमंद मुलांच्या पालकांचे. तिथे कोणी सल्ला देत नाही, 'आमच्याकडेही असेच' एवढेच म्हणते, आणि पुष्कळदा तेवढेच हवे असते.

दुसऱ्याच्या दुःखाने स्वतः कोलमडून जाणाऱ्यांसाठी जर्मनीतील मेंदूवैज्ञानिक टानिया झिंगर यांचे काम महत्त्वाचे आहे. दुसऱ्याचे दुःख जसेच्या तसे अंगावर घेणे आणि त्याच्याविषयी करुणा वाटणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, असे त्यांना दिसले. पहिलीचा सराव केल्यावर माणसे खचली. नंतर करुणेचा सराव दिल्यावर सावरली. रडणाऱ्या मुलाबरोबर रडणारी बाई लवकर थकते. त्याचे बरे व्हावे असे मनापासून वाटणारी आणि त्यासाठी काही करणारी बाई टिकते. हा फरक शिकवता येतो. न्यूयॉर्कमधील ३६ सरकारी शाळांतल्या २२४ शिक्षकांवर पॅट्रिशिया जेनिंग्ज यांनी 'केअर' नावाच्या प्रशिक्षणाची चाचणी घेतली. २०१७ मधील निष्कर्षांनुसार शिक्षकांचा मानसिक त्रास कमी झाला, भावना हाताळणे सुधारले आणि वर्गातले वातावरणही जास्त आधाराचे झाले. मात्र हे प्रशिक्षण काही दिवसांत विभागून, शिक्षकांना त्यासाठी वेळ काढून देऊन झाले होते. दिवसभर राबवून संध्याकाळी 'ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर सक्तीचे व्याख्यान ठेवले तर ताण वाढतोच.

या उपायांची एक मर्यादा ओळखून ठेवली पाहिजे. उसंत मिळाल्यावर, झोप झाल्यावर, माणसे भेटल्यावरही दोन आठवड्यांहून जास्त काळ मन खिन्न राहिले, कशातच गोडी वाटेना, भूक आणि झोप बिघडली, तर तो शीण नसून नैराश्याचा आजार असू शकतो. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत हे प्रकार विशेष होतात आणि 'बाळंतिणीचे असेच असते' म्हणून दडपले जातात. मुलाला किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार एकदाही मनात आला, तर वाट पाहू नये. मूल सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या माणसाला बोलवावे आणि डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते.